शेवटच्या व्हॉलपासून इंग्रजीचा पेपर

आमच्या गावाच्या पाइपलाइनवर सतरा व्हॉल आहेत, आणि हिंमतराव आप्पा गेली बावीस वर्षे सतराव्यापासून सुरुवात करतात.

गाव तापीच्या काठावर, शहादा तालुक्यात, कळसाडीच्या अंगाला. नदीचे पाणी उचलून शेतांपर्यंत नेणारी आमची उपसा सिंचन संस्था माझ्या जन्माच्या आधीची आहे. काठावर पंपहाऊस, तिथून साडेतीन किलोमीटर पाइपलाइन, आणि ठिकठिकाणी पाणी सोडायचे व्हॉल. कुठलाही चालक पहिल्या व्हॉलपासून सुरुवात करील, कारण तो पंपहाऊसच्या दारातूनच दिसतो. आप्पा मात्र मोटार चालू करतात, फटफटीवर बसतात आणि थेट शेवटच्या टोकाला जातात.

"जोडेना माणूस हात धरीसन पानी लई जास," ते म्हणतात. जोडेना म्हणजे जवळचा. "शेवटना माणूसना आवाज बी पोचस नही."

ही सवय त्यांना एका मिरचीच्या रोपाने लावली. चालक म्हणून त्यांचे ते पहिलेच वर्ष होते. सतराव्या व्हॉलवर रूपलीबाईंचे एक एकर वावर आहे. त्या वर्षी त्यांनी मिरची लावली होती. एका पाळीत वीज लवकर गेली, पाणी चौदाव्यापर्यंतच पोचले, आणि पुढच्या पाळीत आप्पांनी सवयीने पुन्हा एकपासून सुरू केले. रूपलीबाई भांडायला आल्या नाहीत. एका सकाळी आप्पा पंपहाऊसवर आले तेव्हा पायरीवर मुळासकट उपटलेले, माना टाकलेले एक रोप ठेवलेले होते. बस्स. त्यानंतर आप्पांनी दोन नियम केले. पहिला, सुरुवात शेवटापासून. दुसरा, कोणालाही वगळायचे नाही. पाऊण तास तर पाऊण तास, दहा मिनिटे तर दहा मिनिटे, पण सतराही व्हॉल ओले झाल्याशिवाय मोटार बंद नाही.

हे दोन्ही नियम पुढे इंग्रजीच्या पेपरातही उतरले. एक त्यांना बुडवायला निघाला, दुसऱ्याने तारले.

मी भाग्येश, याच गावचा. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून पॅनेल बसवणाऱ्या एका कंपनीत लागलो. दीड वर्षापूर्वी आमच्याच संस्थेचे काम कंपनीकडे आले. जुन्या स्टार्टरच्या जागी नवे स्वयंचलित पॅनेल बसणार होते. दाब, व्होल्टेज, तापमान सगळे पडद्यावर दिसणारे. मी खुशीत होतो. आपल्या गावात आपल्या हाताने काम करायला मिळते, यासारखे दुसरे काय?

त्या ऑगस्टच्या बैठकीत चेअरमन चुनीलाल पाटील उठले आणि म्हणाले, "मशीन नवं, तर नियमही नवा. पॅनेलच्या नोंदींवर चालकाची सही लागेल. चालक किमान दहावी पास पाहिजे. हा ठराव समितीनं केला आहे."

सगळ्यांच्या नजरा आप्पांकडे वळल्या. आप्पा नववी नापास. तेही दोनदा, दोन्ही वेळा फक्त इंग्रजीत. दुसऱ्यांदा नापास झाल्यावर वडिलांनी दप्तर आढ्याला टांगले आणि हातात कुदळ दिली.

चुनीलाल वाईट माणूस नाहीत. बैठक संपल्यावर ते आप्पांजवळ आले. "हिंमत, पॅनेल पुढना जूनले चालू व्हई. तोपावत तुन्हाकडे टाइम शे. दहावी काढी टाक. नहीतर दोंडाईचाना एक आयटीआयवाला अर्ज करी गयेल शे. मन्हा हात बांधेल शेतस."

आप्पांनी मान डोलावली. सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाने जेवढी डोलवावी तेवढीच.

दुसऱ्या दिवशी मी पंपहाऊसवर गेलो तेव्हा ते पाणी गळू नये म्हणून पंपाच्या ग्लँडमध्ये घालतात ती दोरी बदलत होते. हाताला ग्रीस लागलेले. वर न बघता म्हणाले, "भाग्येश, खाजगी विद्यार्थीना फॉर्म भरतस, तो कितला नंबरना?"

"सतरा नंबर, आप्पा."

ते थांबले. मग हसले. "सतरा? मंग तो मन्हाच शे."

फॉर्म नंबर सतरा शहाद्याच्या एका शाळेतून भरला. मराठी, हिंदी, इतिहास यांची त्यांना भीती नव्हती. बीजगणित तर ते पंपहाऊसमध्ये रोज करतात, फक्त त्याला बीजगणित म्हणत नाहीत. अडचण एकच होती, इंग्रजी. मुलगी रुचिका नाशिकला नर्सिंग शिकते. तिची दहावीची पुस्तके तिच्या आईने, प्रमिलाकाकूंनी, पेटीतून काढली. इंग्रजीचे पुस्तक सगळ्यात वर ठेवले आणि म्हणाल्या, "ह्या पुस्तकले तुम्ही घाबरतस तितलं तं साप निंघना तरी घाबरतस नहीत."

शिकवायची जबाबदारी मी घेतली. मला वाटले, त्यात काय? मी डिप्लोमा सगळा इंग्रजीतून केला आहे. मी दुपारी पंपहाऊसमध्ये बसून त्यांना काळ शिकवू लागलो. वर्तमानकाळ, भूतकाळ, भविष्यकाळ, त्यांचे चार चार प्रकार. मग शब्दांच्या जाती. आप्पा प्रामाणिकपणे पाठ करत. महिनाभराने त्यांना बारा काळांची नावे घडाघडा येत होती आणि चार ओळींचा उतारा वाचून त्यात काय म्हटले आहे ते सांगता येत नव्हते.

चूक माझी होती. पेपर कसा असतो हे मी विचारलेच नव्हते. मी दहावी झालो त्यानंतर अभ्यासक्रम बदलला होता, पेपराची रचना बदलली होती, आणि मी माझ्या आठवणीतला पेपर शिकवत होतो. म्हणजे यंत्राची माहितीपुस्तिका न वाचता वायरी जोडत होतो. पॅनेलवर असे केले असते तर कंपनीने मला घरी पाठवले असते.

शहाद्याला जाऊन मी मागच्या चार वर्षांच्या इंग्रजीच्या पत्रिका आणल्या. वर प्रश्नपत्रिका असे लिहिलेलेच नव्हते. कृतिपत्रिका होती. आतमध्ये चौकटी, जाळ्यासारख्या आकृत्या, रिकामे तक्ते. व्याकरणाच्या पाठांतराला फारशी जागा नव्हती. बरीचशी उत्तरे छापलेल्या उताऱ्यातच दडलेली होती, ती शोधून काढायची होती.

"एक काम करूत," मी म्हणालो. "आते शिकाडनं बंद. पहिले एक पत्रिका तीन तास लिखा. जसं येई तसं. कोठे पानी मुरस ते तरी समजी."

तो दिवस मला चांगला आठवतो. ट्रान्सफॉर्मरचे तेल बदलायचे म्हणून दिवसभर वीज बंद होती. पंपहाऊसमध्ये इतकी शांतता की नदीवरच्या टिटव्या ऐकू येत होत्या. आप्पांनी लोखंडी पेटीवर चटई टाकली, चष्मा लावला आणि अकरा वाजता लिहायला सुरुवात केली. पहिल्या प्रश्नापासून. प्रत्येक ठिकाणी तितकाच वेळ, तितकीच मेहनत. चमचाभर गुणाच्या प्रश्नालाही घागरभर वेळ. मी बाहेर लिंबाखाली बसून पॅनेलची आकृती बघत होतो. दोन वाजता माझ्या मोबाइलची घंटा वाजली. आप्पा पाचव्या प्रश्नावर होते.

मी तपासायला घेतले. पहिल्या दोन प्रश्नांत गुण देण्याजोगे काहीतरी होते. चौथ्यातही होते. पाचव्यावर आलो आणि चक्रावलो. तिथे पत्रलेखन होते. एक औपचारिक पत्र, एक मित्राला पत्र. आप्पांनी दोन्ही लिहिली होती. मागे जाऊन बघितले तर सगळीकडे हाच प्रकार. चारपैकी दोन करा, तिथे चारही. सहापैकी चार, तिथे सहाही. जिथे जिथे निवड होती तिथे तिथे आप्पांनी सगळे केले होते.

"आप्पा, पत्रं दोन्ही का बरं लिखात?"

"दोन इचारेल व्हतात ना."

"पन त्यामाईन एकच लिखनं व्हतं. हाई देखा, वर लिखेल शे. कोणतंही एक."

आप्पांनी चष्मा पुसला. पुन्हा लावला. त्या ओळीवर बोट ठेवले. "हाई सूचना शे?"

"हाँ."

"माले वाटनं, मथळा शे. देवनं नाव लिखतस तसं. म्हंजे दुसरं सोडी दिधं तरी चालस?"

"सोडनंच पडस. दुसराना मार्क भेटतस नहीत."

त्यांनी दोन्ही पत्रांवरून बोट फिरवले. मग अगदी हळू विचारले, "आन नववीले? तव्हय बी असंच व्हतं का?"

निवडीचे प्रश्न तेव्हाही असत. मी होकारार्थी मान हलवली.

"दोन्ही सालले," आप्पा म्हणाले, "मन्हा पेपर अर्धा ऱ्हायना नि घंटा वाजनी. सर बोलनात, हिंमत, तुन्हा हात हळू शे. मी तीस वरीस समजी ऱ्हायनू का मन्हा हात हळू शे."

प्रमिलाकाकू डबा घेऊन आल्या होत्या आणि दारात उभ्या राहून हे ऐकत होत्या. मला वाटले त्या काही समजुतीचे बोलतील. त्या म्हणाल्या, "म्हंजे इंग्रजी कच्चं नव्हतंच. अक्कल कच्ची व्हती."

आप्पा आधी त्यांच्याकडे बघत राहिले आणि मग इतके हसले, इतके हसले की नाकावरचा चष्मा खाली पडला. आम्हीही हसलो. बंद मोटारीच्या खोलीत तो आवाज घुमत राहिला.

कोणी म्हणेल, कळले ना, मग संपले. तसे होत नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनी दुसरी पत्रिका सोडवली. सूचना वाचली होती, अर्थही माहीत होता. तरी संवाद आणि भाषण दोन्ही लिहिले.

"आप्पा!"

"सोडायनं नही रे. प्रश्न पुरा लिखेल व्हता वर, नि मी त्याले कोरडाच ठेवू?"

मी चिडलो. पण घरी जाताना मला ते रोप आठवले. ज्या माणसाने बावीस वर्षे एकाही व्हॉलला वगळले नाही, त्याच्या हाताला मी सांगत होतो की अर्धे सोडून दे. तो हात ऐकणार कसा?

उपाय मी काढला असे सांगायला मला आवडले असते. पण तो आप्पांनीच काढला.

नोव्हेंबरात पॅनेलचा सांगाडा आला. जुना स्टार्टर चालूच होता. नव्याची जोडणी हळूहळू करायची होती. आप्पांना चालवणे शिकायचेच होते म्हणून मी एकेक भाग दाखवत होतो. आमच्या पंपहाऊसमध्ये मोटारी दोन आहेत. एक चालते, दुसरी राखीव. पॅनेलवर त्यासाठी एक फिरवायचा खटका आहे. डावीकडे पहिली मोटार, उजवीकडे दुसरी, मध्ये बंद.

"दोन्ही एकदम चालू व्हतीन का?" आप्पांनी विचारले. त्यांना उत्तर माहीत होते, पण ते प्रत्येक यंत्राची परीक्षा घेतात.

"नही. खटका एकच ठिकाने ऱ्हाई. दोन्ही चालू कयात तं ट्रान्सफॉर्मर बठी जाई."

आप्पांनी खटका डावीकडे फिरवला. उजवीकडे फिरवला. पुन्हा डावीकडे. मग तिथेच हात ठेवून म्हणाले, "भाऊ, हाई तं पत्रनं शे."

"काय?"

"दोन पत्रं. दोन मोटारी. दुसरी मोटार चालनी नही म्हणीसन ती कोरडी ऱ्हायनी असं कोनी म्हणस का? ती राखीव शे. पानी तं वावरले भेटनंच ना." त्यांनी खटक्यावर थाप मारली. "व्हॉल म्हंजे प्रश्न. मोटार म्हंजे पर्याय. मी मोटारलेच व्हॉल समजी ऱ्हायनू व्हतू!"

मी डिप्लोमाला तीन वर्षे घालवली. इतके स्वच्छ उदाहरण मला एकाही सरांनी दिले नव्हते.

त्या दिवसापासून आप्पांनी शिक्षण स्वतःच्या हाती घेतले. पंपहाऊसच्या भिंतीवर पाण्याच्या पाळ्या खडूने लिहायची जागा आहे. तिच्या शेजारी त्यांनी कृतिपत्रिकेची पाळी लिहिली. प्रश्न सात. पहिला दहा गुणांचा, भाषाभ्यासाचा. दुसरा वीसचा, पुस्तकातले दोन उतारे. तिसरा दहाचा, कविता. चौथा पंधराचा, बाहेरचा उतारा आणि सारांश. पाचवा दहाचा, पत्र आणि संवाद किंवा भाषण. सहावा दहाचा, तक्त्यावरून परिच्छेद आणि गोष्ट किंवा विचारविस्तार. सातवा पाचचा, भाषांतर. बेरीज ऐंशी. वेळ एकशे ऐंशी मिनिटे. म्हणजे एका गुणाला सव्वादोन मिनिटे.

"सव्वादोन!" ते म्हणाले. "एवढंच पानी. मंग मी एक मार्कना प्रश्नले पंधरा मिनिटं दी ऱ्हायनू व्हतू. पाट फुटना नही तं काय!"

मग त्यांनी प्रत्येक प्रश्नापुढे मिनिटे लिहिली आणि बाजूला बाण काढला. बाण खालून वर जात होता. सातवा, सहावा, पाचवा, मग चौथा.

"आप्पा, उलटं?"

"उलटं कसं? शेवटपासून. हाऊ पंचवीस मार्कना तुकडा टोकले शे. पत्र, भाषण, तक्ता. ह्यान्हा साचा ठरेल शे, मी घरून बांधी लई जासू. पोरं वरतून सुरू करतस नि आठे पोचतस तव्हय टाइम संपी जास. हाऊ तुकडा रूपलीबाईना शे."

मग ते गुणांच्या मागे लागले, पण शहाणपणाने. सगळे येणार नाही हे त्यांनी मान्य केले. शेवटच्या पंचवीसातून तेरा. बाहेरच्या उताऱ्यातून सहा, कारण उत्तर तिथेच छापलेले असते, "पाटमाच पानी शे, फक्त दारं धरनं शे." पुस्तकातल्या उताऱ्यांतून आठ. तोंडी परीक्षा वीस गुणांची, त्यातून बारा. झाले एकोणचाळीस. पास व्हायला पस्तीस लागतात. कविता आणि व्याकरण म्हणजे वरचा पाऊस. पडला तर पडला.

रोज दुपारी एक पत्र, एक तक्ता, दहा शब्द. रुचिका नाशिकहून फोनवर त्यांच्याशी पाच मिनिटे इंग्रजीत बोलायची. आप्पा फोन लांब धरून ओरडून इंग्रजी बोलत, जणू नाशिक नदीच्या पलीकडे आहे. काकू म्हणायच्या, "रुचिकाना बाप, हळू बोला. म्हैस घाबरस."

तोंडी परीक्षा फेब्रुवारीत झाली. मी शहाद्याला बरोबर गेलो होतो आणि दाराबाहेर उभा राहून ऐकत होतो. आतल्या बाईंनी इंग्रजीत विचारले की तुम्ही काय करता.

"आय गिव्ह वॉटर," आप्पा म्हणाले. "सेव्हन्टीन व्हॉल. लास्ट व्हॉल फर्स्ट."

बाईंना गंमत वाटली असावी. त्यांनी विचारले, शेवटचा आधी का?

मी दाराला कान लावला. मग आप्पांचा आवाज आला. "नियर मॅन शाउट. फार मॅन नो शाउट."

बाहेर आले तेव्हा त्यांना गुण कळले नव्हते, पण चाल बदललेली होती.

लेखी पेपरला मात्र मला आत जाता येणार नव्हते. फाटकाशी गर्दी होती. तिथल्या शिपायाने आप्पांना अडवले. "काका, पालकांनी बाहेर थांबा."

आप्पांनी खिशातून प्रवेशपत्र काढले. "मीच मन्हा पालक शे," ते म्हणाले आणि आत गेले. मागची मुले खिदळली. तरी एकीने त्यांना सर समजून पेन धरायला दिले आणि मग "सर, माझं पेन" म्हणून परत मागितले.

आत काय झाले ते आप्पांनीच सांगितले. त्यांनी पत्रिका हातात घेतली आणि पहिली दहा मिनिटे एक अक्षरही लिहिले नाही. फक्त सूचना वाचल्या. जिथे निवड होती तिथे एकावर खूण केली आणि दुसऱ्याला मनात म्हणाले, तू राखीव. मग शेवटचे पान उलगडले. शब्दांचे भाषांतर. सहापैकी चार. चार झाले तेव्हा पाचवाही येत होता. चांगला येत होता. पेन तिथे गेले. "खटका डोयासमोर उना," आप्पा म्हणाले, "नि मी हात मांगे लिधा. त्या पेपरमा सगळास्मा अवघड काम तेच व्हतं."

पर्यवेक्षक फिरत फिरत आले. "काका, शेवटून सुरू केलं? काही चुकलं का?"

"चुकनं नही सर. आम्हनी पाळी अशीच ऱ्हास."

पाचव्या प्रश्नावर आले आणि आप्पा पोटातल्या पोटात हसले. औपचारिक पत्राचा विषय होता: तुमच्या भागात पाणी अनियमित येते, संबंधित अधिकाऱ्याकडे तक्रार करा. दुसरा पर्याय होता मैत्रिणीला अभिनंदनाचे पत्र.

"मी इचार कया, मन्हाच इरोधमा मीच अर्ज लिखू का? पन भाग्येश, बावीस वरीस लोकेस्ना तक्रारी ऐकेल शेतस मी. कोन काय बोलस, कोन्हा सूर कसा लागस, बठ्ठं तोंडपाठ. अधिकारी काय लिखी ते माहीत नही, पन तक्रारवाला काय लिखी ते मन्हापेक्षा कोन सांगी?"

त्यांनी ते पत्र लिहिले. आठ ओळी. तारीख, पत्ता, विषय, सगळे साच्याप्रमाणे. शेवटी एक ओळ त्यांनी स्वतःची घातली: कृपया शेवटच्या घराला आधी पाणी द्या.

पहिल्या प्रश्नापर्यंत आले तेव्हा अठरा मिनिटे उरली होती. घंटा वाजली तेव्हा एकही कृती बाकी नव्हती. सत्तेचाळीसाव्या वर्षी त्यांनी पहिल्यांदा पेपर पूर्ण करून दिला.

मग वाट पाहणे. मार्च, एप्रिल, मे. ऊन चढत गेले, केळीला पाणी पुरेना, आणि आप्पांच्या पाळ्या चुकल्या नाहीत. पॅनेल पूर्ण झाले, त्यावर प्लॅस्टिक टाकून ठेवले. दोंडाईचाचा तो मुलगा एकदा येऊन पंपहाऊस बघून गेला. चांगला मुलगा होता. आप्पांनी त्याला पाणी दिले, मोटारीचा आवाज कसा ओळखायचा ते सांगितले, आणि तो गेल्यावर बराच वेळ नदीकडे बघत उभे राहिले. तेवढी एकदाच मला त्यांची काळजी दिसली.

निकाल दुपारी एकला लागला. मोबाइलवर पान उघडेना. काकू म्हणाल्या, "ह्या मोबाइलले बी शेवटपासून सुरू करा." आणि तेवढ्यात पान उघडले. मी आप्पांच्या हातात मोबाइल दिला. त्यांनी मराठीकडे, गणिताकडे बघितलेच नाही. बोट सरळ इंग्रजीवर.

सेहेचाळीस.

"भिंतवर एकोणचाळीस लिखेल व्हतं," आप्पा म्हणाले. "सात मार्कना पाऊस पडना."

काकूंनी पदराने डोळे टिपले आणि लगेच सावरून विचारले, "आते बारावी बी काढशात का? मंग घर कोन बघी?"

जूनच्या पहिल्या आठवड्यात पॅनेल सुरू करायचे ठरले. चुनीलालांनी गुणपत्रिका समितीपुढे वाचून दाखवली. इंग्रजीचे गुण त्यांनी दोनदा वाचले. नारळ फुटला. सगळे पंपहाऊसमध्ये दाटीवाटीने उभे होते, ऊन बेचाळीस अंशांच्या वर, आणि आप्पा बटण दाबेनात. त्यांनी पॅनेलच्या दारातली इंग्रजी माहितीपुस्तिका काढली होती आणि पहिल्या पानावर बोट ठेवून ओठ हलवत वाचत होते.

"हिंमत, मुहूर्त निंघी जाई!" चुनीलाल म्हणाले.

"निंघू द्या. सूचना वाचू द्या पहिले."

मला आप्पांनी तिथे थांबू दिले नाही. पहिल्या दिवशी चालकाने पॅनेलपाशीच राहायचे असते, म्हणून फटफटीची चावी माझ्या हातात दिली. "सतरावर जाय. व्हॉल उघड नि फोन कर."

रूपलीबाई बांधावर बाभळीच्या सावलीत बसल्या होत्या. आता खूप थकल्या आहेत. वावरात कापसाची सरी तयार होती, कोरडी. मी व्हॉल उघडला. त्यांनी मला नीट निरखून बघितले आणि विचारले, "मंग आते पानीवर हिंमतच ना?"

"हिंमत आप्पाच."

त्यांनी मान डोलावली, जणू दुसरे काही होणार नव्हतेच. मग पाइपात आधी हवेचा फुत्कार झाला, थोडी माती उडाली, आणि पाणी आले. रूपलीबाईंनी पाय तसेच सरीत सोडले. मी फोन लावला.

"आप्पा, पानी उनं."

पलीकडे मोटारीचा आवाज एका लयीत चालला होता.

"दखनू मी पडदावर," आप्पा म्हणाले. "चाळीस मिनिटं थांब. मंग सोळावर जाय."